टाइल शेवटी निवडा: तीस वर्षं जुन्या फ्लॅटमधलं बाथरूम नव्यानं करताना

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात १९९४ सालची, तळमजला आणि वर चार मजले अशी इमारत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाथरूम ७ फूट लांब, साडेचार फूट रुंद. त्याला लागून साडेचार बाय तीनचा वेगळा संडास, भारतीय भांड्याचा. घरात चार माणसं, त्यात सत्तरी ओलांडलेली आई. खालच्या घरात छताला ओल येते. संडास-बाथरूम एकत्र करावं का, कमोड कोणता घ्यावा, छतासारखा मोठा शॉवर आणि काचेचं पार्टिशन जमेल का, आणि ठेकेदार म्हणतो तसं दहा दिवसांत उरकेल का?

आधी थेट उत्तरं देतो. एकत्र करू नका. कमोडचा निचरा जमिनीतून न नेता भिंतीतून सरळ बाहेर काढा. मोठा शॉवर पंपाशिवाय चालणार नाही. काच लावलीत तर अडचण होईल. आणि दहा दिवस हा आकडा विसरा. एकट्या बाथरूमलाच साडेतीन ते चार आठवडे धरा. टाइलच्या दुकानात जाणं हे या सगळ्यातलं शेवटून दुसरं काम आहे, पहिलं नाही.

पहिलं काम म्हणजे ओल कुठून येते ते शोधणं, कारण सगळं नवीन करूनही खालचं छत ओलंच राहिलं अशी घरं कमी नाहीत. ओलीच्या तीन जागा असतात. एक, दाबाखालची नळाची लाइन. तुमच्या काळातल्या इमारतीत ती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची असते आणि भिंतीत, सांध्यापाशी आतून गंजते. अशी गळती बाथरूम वापरा न वापरा, चोवीस तास चालू राहते. दोन, नहाणी ट्रॅप (नहाणी म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, ट्रॅप म्हणजे त्याखालचं थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) आणि त्याच्या पाइपचा सांधा किंवा फरशीच्या फटी. ही ओल आंघोळी झाल्यावर वाढते आणि गावाला गेलात की कमी होते. तीन, बाहेरची भिंत आणि डक्टमधले, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतले उभे पाइप. ही पावसाळ्यात जोर धरते किंवा वरच्या मजल्यांच्या वापराबरोबर बदलते.

तपासायची रीत सोपी आहे. प्लंबरकडून लाइनला हातपंप लावून घ्या, ६-७ किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) दाब द्या आणि दोन तास काटा बघा. काटा उतरला तर पाइप गळतोय. नाही उतरला तर नहाणीच्या तोंडात बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि दोन दिवस खाली लक्ष ठेवा. मग बोळा काढून फक्त नहाणीत बादल्या ओता. एक सावधगिरी मात्र हवी. फरशीखालचा भराव वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे नळ बंद केल्यावरही आठवडाभर ठिबकत राहू शकतं. एका दिवसात निष्कर्ष काढू नका.

त्याच फेरीत खालच्यांच्या बाथरूमचं छतही बघून घ्या. ते शेजारच्या खोलीच्या छतापेक्षा फूटभर खाली असेल तर तुमची स्लॅब बुडीत, म्हणजे संक केलेली आहे आणि पाइप तुमच्याच फरशीखाली आहेत. छत सपाट असून ट्रॅप आणि पाइप खाली लोंबताना दिसत असतील तर ट्रॅप बदलायला खालच्या घरात काम करावं लागेल. त्यांची परवानगी आणि वेळ आधी ठरवा. पुढचं सगळं बुडीत स्लॅब धरून लिहितो, त्या काळच्या पुणे-मुंबईच्या इमारतींत ती सर्रास आहे.

सोसायटीला लेखी अर्ज द्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची असते, आतली सभासदानं. त्यामुळे डक्टमधला बिडाचा उभा पाइप फुटका निघाला तर तो खर्च तुमच्या माथी घेऊ नका. पण तो तुमचं काम चालू असतानाच बदलून घ्या, नंतर नव्या टाइल फोडाव्या लागतील. अर्जात डेब्रिजचाही, म्हणजे तोडफोडीच्या राडारोड्याचाही उल्लेख करा. साडेएकतीस चौरस फुटांचा दहा इंच भराव आणि भिंतींच्या टाइल-प्लास्टर मिळून घट्ट स्थितीत ५० घनफुटांच्या आसपास माल निघतो, फुटल्यावर तो ७० घनफुटांपर्यंत फुगतो. म्हणजे पाऊण ब्रासच्या जवळपास (१०० घनफुटांचा एक ब्रास), साठ-सत्तर गोण्या. त्या कुठे ठेवायच्या, लिफ्टनं न्यायच्या की जिन्यानं आणि कोण उचलणार, हे ठेक्यात लिहिलेलं नसेल तर दुसऱ्याच दिवशी वाद होतो.

आता संडास आणि बाथरूम एकत्र करण्याबद्दल. मधली भिंत साडेचार इंची विटांची आहे, आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत ती बहुधा नुसता पडदा असते, त्यामुळे पाडता येते. पण पाडल्यावर जागा मोठी दिसते, एवढाच फायदा. चार माणसांच्या घरात सकाळी सातला एक जण आंघोळीत असताना दुसऱ्याला संडास मोकळा मिळतो, ही सोय तुम्ही तीस वर्षं वापरताय म्हणून तिची किंमत कळत नाही. घरात दुसरा संडास असता तर मीही एकत्रच करा म्हटलं असतं. शिवाय भिंतीच्या खाली दोन बुडीत खड्ड्यांच्या मध्ये तुळई निघाली तर पाइप तिच्यातून नेता येत नाही. तुळईला भोक पाडायचं नाही, कुणी कितीही समजावलं तरी.

आईच्या दृष्टीनंही तीन फूट रुंदीचा संडास वाईट नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती हाताशी येतात, आधाराचे दांडे दोन्हीकडे लावता येतात. साडेचार फुटांत कमोडला साधारण २६-२८ इंच गेले तरी समोर पाय ठेवायला दोन फुटांवर जागा उरते. दार मात्र बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार माणसालाच अडतं. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी घ्या. आईंना आंघोळीला सोबत लागू लागली तर ती सोय मोठ्या बाथरूममध्ये करायची. तिथे ७ बाय साडेचार दोघांना पुरतं.

नकाशा नेहमी निचऱ्यापासून काढायचा. पाणी कुठून बाहेर जातं ते आधी, भांडी-नळ त्यानंतर. संडासात बाहेरची भिंत आणि डक्टमधला ४ इंची उभा पाइप कुठे आहे ते बघा. कमोड त्याच भिंतीला पाठ करून बसवता येत असेल तर पी-ट्रॅपचा कमोड घ्या. जमिनीवर बसणाऱ्या मॉडेलात त्याच्या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८०-१८५ मिमी उंचीवर येतो आणि पाइप भिंतीतून सरळ डक्टमध्ये जातो. मैल्याची लाइन फरशीखाली राहतच नाही, म्हणजे सांधा सुटला तरी खालच्यांना त्रास नाही. एस-ट्रॅपचा, म्हणजे खाली जमिनीत निचरा होणारा कमोड स्वस्तात मिळाला म्हणून घेतला की ४ इंची लाइन पुन्हा भरावात पुरावी लागते. भिंतीपासूनचं अंतरही मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि ते चुकलं की टाकीमागे तीन इंचांची फट राहते.

भिंतीला लटकणारा कमोड दिसायला छान, खालची फरशी पुसता येते आणि सीटची उंची आपल्याला हवी तशी ठेवता येते. वयस्कर माणसाला सीट १७-१८ इंचांवर असली की उठणं सोपं जातं, नेहमीच्या कमोडची १५-१६ असते. पण तो साडेचार इंची विटांच्या भिंतीला नुसत्या बोल्टांवर टांगू नका. लोखंडी फ्रेम जमिनीला आणि भिंतीला बांधूनच. फ्रेम आणि पुढचा पडदा मिळून सहा इंच जातात, ते तुमच्या साडेचार फुटांतून वजा करा. टाकीशिवाय थेट लाइनीतून पाणी सोडणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हच्या फंदात पडू नका, त्याला मोठी लाइन आणि चांगला दाब लागतो. पडद्यामागे झाकलेली टाकी कमी दाबावरही भरते. संडासातही एक नहाणी ठेवा. ती का, ते पुढे येईल.

बाथरूममध्ये दाराकडून खिडकीकडे कोरडं ते ओलं असा क्रम लावा. दाराशी बेसिन, मधे मोकळी जागा, खिडकीखाली आंघोळ आणि त्या टोकाच्या कोपऱ्यात नहाणी. उतार १:८० ते १:१०० ठेवतात. तुमच्या ७ फुटांत दारापासून नहाणीपर्यंत एक इंच पुरे. दाराशी उंबरा किमान अर्धा इंच वर असावा, पण आईसाठी तो गोल कडेचा करा, धारदार कडेला पाय अडतो. लांब चिरेची, पट्टीसारखी जाळी हल्ली फार चालते. दिसते छान, उतारही एकाच दिशेला देता येतो. फक्त खाली खरा पाण्याचा ट्रॅप आहे ना ते बघा. ट्रॅपमध्ये किमान ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. आणि ती उचलून केस काढता आले पाहिजेत.

तोडफोडीत थेट मूळ स्लॅब दिसेपर्यंत जा. ‘भराव चांगला आहे, राहू दे, वरून केमिकल मारू’ हे ऐकू नका. ‘टाइलवर टाइल’ ही पद्धत भिंतीला, टाइल ठोकून भरीव आवाज येत असेल तर, चालते. गळणाऱ्या फरशीवर ती म्हणजे पाणी आत कोंडून वरून झाकण घालणं. उतार आणि उंबऱ्याची उंचीही त्यात जाते.

स्लॅब उघडी झाली की ती घासून धुवा. तीस वर्षांच्या ओलीनं सळया गंजलेल्या असतील तर गंज तारेच्या ब्रशनं काढा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टरनं भरा. सळई बरीच झिजली असेल किंवा खालच्या छताचं काँक्रीट सुटून आलं असेल तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हे मिस्त्रीच्या अखत्यारीतलं नाही.

बाहेर जाणाऱ्या पाइपांची भोकं आताच मशीननं कापून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर मारल्यावर छिन्नीनं भोक पाडलं की सगळ्या मेहनतीवर पाणी. पाइप बसवून भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटनं (फटी भरायच्या मिश्रणानं) भरायची, साध्या सिमेंटनं नाही. साधं सिमेंट सुकताना आकसतं आणि पाइपभोवती केसभर फट सोडतं. गळतीची सर्वांत आवडती जागा तीच. स्लॅब आणि भिंतीच्या कोपऱ्यात मॉर्टरचा गोल वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलाई मारून घ्या, काटकोनात थर तडकतो. खड्ड्याच्या सर्वांत खोल जागी एक इंची पाइपचा तुकडा डक्टमध्ये काढून ठेवा. उद्या भरावात पाणी शिरलंच तर ते आधी तिथून ठिबकेल, खालच्यांच्या छतातून नाही. हा तुकडा काही शे रुपयांत होतो आणि बहुतेक ठेकेदार तो टाळतात.

त्यावर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट वॉटरप्रूफिंग. पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी साठलेलं नको. पहिला हात आडवा, तो हाताला चिकटेनासा झाला की दुसरा उभा. प्रमाण डब्यावरचं, ब्रश सहज फिरावा म्हणून त्यात पाणी घालणारा कामगार दिसला तर तिथेच थांबवा. खड्ड्याच्या सगळ्या बाजू आणि तयार फरशीच्या वर एक फूट भिंत या थराखाली आली पाहिजे. शॉवरच्या दोन भिंती सहा-सात फुटांपर्यंत. थर मुरायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, बहुधा तीन दिवस. मग खड्डा पाण्यानं भरा, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा आणि ४८ तास ठेवा. रेघ थोडी उतरणारच, पाणी उडून जातं. खरा निकाल खालच्या छताकडे बघून लावायचा.

यानंतर ट्रॅप आणि निचऱ्याचे पाइप बसवून भराव. इथे एक लबाडी फार चालते: काढलेलं डेब्रिजच परत खड्ड्यात जातं, गोण्या उतरवायची मजुरी वाचते. त्यातले टाइलचे टोकदार तुकडे नवा थर फाडतात, माती पाणी धरते. विटांच्या तुकड्यांचा कोबा चालतो, पण तुमच्या खड्ड्यात त्याचं वजन सव्वा ते दीड टन होतं. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकचे तुकडे मॉर्टरमध्ये बसवले तर ते निम्म्याहून कमी होतं, आणि तीस वर्षांच्या स्लॅबवर तेवढा भार कमी झालेला बरा. भरावावर उतार देऊन कोबा, आणि त्या कोब्यावर पुन्हा एकदा वॉटरप्रूफिंग, या वेळी ट्रॅपच्या तोंडाच्या आतपर्यंत. पुन्हा पाणी, पुन्हा ४८ तास. दुसरी चाचणी सगळे टाळायला बघतात, पण रोजचं पाणी अडवणारा थर हाच आहे. खालचा थर ही फक्त दुसरी फळी.

खालच्यांच्या छताला लगेच रंग देऊ नका, हेही त्यांना आताच सांगून ठेवा. मुरलेलं पाणी सुकायला दोन-तीन महिने लागतात, आधी दिलेला रंग पापुद्रे सोडतो आणि तुमचं काम फसलं असा बोभाटा होतो.

नळाच्या लाइनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप वापरा, गरम आणि गार दोन्हीला. साधा यूपीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. पुण्यात सोलरचं पाणी उन्हाळ्यात कढत येतं, तिथे तो वर्षभरही टिकायचा नाही. गीझरशी आणि नळाशी जिथे आटे आहेत तिथे पितळी आट्यांचेच फिटिंग लावा. प्लास्टिकचे आटे गरम-गार होऊन तडकतात, तेही टाइलच्या आत. सोलर आणि गीझर दोन्ही असतील तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर मिक्सरमधून गरम पाणी गारच्या लाइनीत उलटं चढतं आणि बेसिनला चटका बसतो. बाथरूमला स्वतंत्र बंद कॉक ठेवा. टाइल लागण्यापूर्वी पुन्हा हातपंपाची दाबचाचणी, आणि सगळ्या भिंतींचे मोजपट्टी धरून फोटो. उद्या आरशासाठी भोक पाडताना ते लाखमोलाचे ठरतात.

डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह), कमोड, नळ हे प्लंबिंगच्या आधी घरात आणून ठेवायचे. चित्रावरून पाइप काढायचे नाहीत. डायव्हर्टरच्या अंगावर कमाल-किमान खोलीच्या खुणा असतात, तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये आला पाहिजे. विटेपासून प्लास्टर, चिकटवण आणि टाइल मिळून २५ ते ३० मिमी होतात, ते धरून झिरी मारायची. खोल गेला तर मूठ बसत नाही, वर आला तर तबकडीमागे फट.

उंच्या तयार फरशीपासून मोजा. डायव्हर्टर साडेतीन फूट, शॉवर पावणेसात ते सात फूट, बेसिनची कड ३२ ते ३४ इंच. बादलीच्या नळाची तोटी दोन फुटांवर. शोरूममध्ये तो नळ कुणी दाखवत नाही, आणि आपल्याकडे अर्धं घर बादलीनंच आंघोळ करतं. त्याच कारणानं काचेचं पार्टिशन इथे नको. साडेचार फुटांत काच उभी केली की बादली, पाट आणि कपड्यांचं टब फिरवायला जागा राहत नाही. शिवाय टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग रोज पुसावे लागतात. काळे मॅट नळही त्या पाण्यात महिन्याभरात राखाडी दिसू लागतात. साधं क्रोम बरं.

शॉवरचं गणित तर आकड्यांचंच आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ किलो. तुमचा शॉवर तिसऱ्या मजल्यावर, गच्चीची टाकी त्याच्या वर पाच-साडेपाच मीटर. म्हणजे जेमतेम अर्धा किलो, त्यातून पाइपांत आणि कोपऱ्यांत थोडा जातो. मोठ्या छत-शॉवरला किलोभर तरी हवा, नाहीतर धारा न पडता थेंब गळतात. चार-पाच इंचांचा चांगला शॉवर आणि एक हातशॉवर घ्या. हातशॉवर आईंना बसून आंघोळ करताना लागतोच. पंप बसवायचाच असेल तर सोसायटीला विचारून, आणि सामाईक लाइनीतून थेट पाणी ओढणारा नको.

विजेचं थोडक्यात. १५ लिटरचा २ किलोवॅट गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याला स्वतंत्र ४ चौ.मिमी तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच) आणि घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या इमारतीत अर्थिंगची वायर असते पण पुढे कुठेच जोडलेली नसते, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. गीझरचा स्विच बाहेर. पाण्यानं भरलेला गीझर पंचवीस किलोंच्या पुढे जातो, म्हणून तो विटांच्या भिंतीवरच, आणि शॉवरच्या डोक्यावर नको.

आता टाइल. इथे मात्र मनासारखं करा, पण दोन पथ्यं पाळा. फरशीला ३०० बाय ३०० मिमीची मॅट टाइल, खोक्यावर आर १० किंवा आर ११ लिहिलेली. न घसरण्याच्या या दर्जांची पट्टी आर ९ ते आर १३ अशी असते; आर ९ साबणाच्या पाण्यात घसरते आणि आर १२ च्या पुढे खरखरीत टाइलमध्ये मळ बसतो. ६०० ची मोठी टाइल नहाणीकडे उतार देताना तिरकी कापावी लागते. दुसरं, भिंतीला ३०० बाय ६०० घेतली तर फरशीचे आणि भिंतीचे सांधे एका रेषेत येतात. बाथरूम देखणं दिसतं ते बहुतेक या रेषांमुळे. पट्टी, फुलांची टाइल आणि तिसरा रंग यांनी एवढीशी खोली लहान होते. फार तर शॉवरची एक भिंत वेगळी ठेवा. अख्खी टाइल दारातून दिसणाऱ्या कोपऱ्यात सुरू करायची, तुकडे दारामागे. हे रेखाटन मिस्त्रीसोबत भिंतीवर खडूनं काढल्याशिवाय पहिली टाइल लावू देऊ नका.

हिशेब असा: परिमिती २३ फूट, सात फूट उंची, म्हणजे १६१ चौरस फूट, दार-खिडकीचे एकवीस वजा केले की १४०. दहा टक्के तूट धरून १५४, म्हणजे ३०० बाय ६०० च्या ८० टाइल. फरशी साडेएकतीस, पंधरा टक्के धरून ३६ चौरस फूट, म्हणजे ३८ टाइल. संडासाचं याच पद्धतीनं काढा. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या आणि एक खोकं पुढच्या दुरुस्तीसाठी माळ्यावर ठेवा; दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही.

चिकटवायला आयएस १५४७७ या भारतीय मानकाचं टाइल अ‍ॅडहेसिव्ह. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तिला सिमेंटचा घोळ धरत नाही. तिला टाइप २ किंवा वरचं हवं. २० किलोच्या गोणीत ४५ चौरस फूट होतात, तुम्हाला पाच गोण्या. दातेरी थापीनं पूर्ण पाठ भरायची. पाच टिपके ठेवून दाबलेली टाइल आतून पोकळ राहते, पोकळीत पाणी फिरतं. आणि अ‍ॅडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही, ती सवय सिमेंटच्या काळातली. भिंतीची खालची ओळ सोडून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात, मग फरशी, मग खालची ओळ. म्हणजे भिंतीवरून उतरलेलं पाणी फरशीच्या वर पडतं, सांध्यात शिरत नाही. सांधे भिंतीला २ मिमी, फरशीला ३, त्यात इपॉक्सी ग्राउट. साधारण तीन किलो लागतं. फरशीला पांढरं ग्राउट नको, मध्यम राखाडी घ्या. कोपऱ्यांत ग्राउट न भरता सिलिकॉन.

साबण-शांपूचा कोनाडा नऊ इंची बाहेरच्या भिंतीतच निघेल, साडेचार इंचीत नाही. तो एका टाइलच्या मापाचा, ३०० बाय ६०० करा आणि तळाला किंचित उतार द्या. सहा इंची एक्झॉस्ट पंखा पुरतो, पण दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट हवी, नाहीतर पंखा नुसता फिरतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग टाळा. वरच्या मजल्याची गळती सुरू झाली तर ती महिनोन्महिने दिसणार नाही. आरशाचा दिवा चेहऱ्यासमोर, डोक्यावर नको.

आईंसाठी दांडे टाइल लागण्यापूर्वी ठरवा, कारण ते विटेत धरले पाहिजेत. कमोडच्या बाजूला २८ इंचांवर, आंघोळीच्या जागी ३३ ते ३६ इंचांवर, स्टीलचे, लांब अँकरनं. रबरी चोषकांनी टाइलला चिकटवायचे तकलादू दांडे नकोत. भरवसा ठेवला त्याच क्षणी सुटतात. खिडकीखाली १७ इंच उंच, १४ इंच खोल कडाप्प्याची किंवा ग्रॅनाइटची बैठक बांधून घ्या, कड घासून गोल.

क्रमाबद्दल: दोन्ही एकदम फोडलंत तर चार आठवडे घर सोडावं लागेल. एकामागून एक केलंत तर सहा-सात आठवडे लागतात, पण घरात राहता येतं. आधी संडास, अडीच आठवडे. तेवढे दिवस शेजारी किंवा नातेवाइकांकडे सोय लावा. तो तयार झाला की बाथरूम फोडा, आणि आंघोळ संडासातल्या नळावर बादलीनं. नहाणी तिथे ठेवायची ती यासाठी.

ठेक्यात मजुरी आणि साहित्य वेगळं लिहा. वॉटरप्रूफिंगचं उत्पादन, त्याचे किती हात मारायचे ते, दोन्ही पाणीचाचण्या आणि दोन्ही दाबचाचण्या नावानिशी. पैसे दिवसांवर नाही, टप्प्यांवर: तोडफोड आणि डेब्रिज उचलल्यावर, दुसरी पाणीचाचणी पार पडल्यावर, टाइल झाल्यावर, आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के पंधरा दिवसांच्या वापरानंतर. ग्राउट झाल्यावर दोन दिवस आणि सिलिकॉन लावल्यावर एक दिवस पाणी नको. नवी फरशी अ‍ॅसिडनं धुऊन द्यायची पद्धत अजून आहे, तिला आधीच नकार द्या. त्यानं नळांचं क्रोम जातं.